पुस्तकातला नवरा

ओर्वील, १४ जानेवारी

आदरणीय श्रीमती हाउगेन,

माझी पत्नी ओदील गेल्यावर आपण पाठवलेलं सांत्वनाचं पत्र मिळालं. उत्तराला फार उशीर झाला. हिवाळ्यात औषधाच्या दुकानात सर्दी-तापाची गर्दी असते, असं कारण मी सध्या सगळ्यांना देतो. आपल्यालाही तेच देतोय.

आपली भेट झालेली नाही. ओदील आपल्याकडे डकोटात येऊन गेली तेव्हा मी आलो नव्हतो. दुकान कोणावर सोडायचं हा प्रश्न होता. आपण तिथल्या शाळेत बरीच वर्षं फ्रेंच शिकवलंत, असं तिने सांगितल्याचं आठवतं, म्हणून हे फ्रेंचमध्ये लिहायचं धाडस केलं. मला इंग्रजी फक्त औषधांच्या नावांपुरतं येतं.

मी वाचणारा माणूस नाही. औषधाच्या खोक्यातली चिठ्ठी मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो, कादंबरी कधी हातात घेत नाही. आपली मात्र घेतली, भाषांतर वाचलं. अंत्यविधीनंतरच्या आठवड्यात एकदा आणि नाताळात पुन्हा. ओदीलने चित्रपटासाठी हीच कादंबरी का निवडली, असं लोक तिला विचारायचे, तेव्हा ती म्हणायची की यातला नवरा औषधवाला आहे आणि औषधवाले मला थोडेफार कळतात. लोक हसायचे. मीही हसायचो.

आता मुद्द्यावर येतो. ओदीलने अंथरुणावरून संकलन जवळजवळ पूर्ण करून घेतलं होतं. आमच्याकडे दिग्दर्शक गेला तर त्याच्या कामाचा मान राखण्याचा हक्क वारसाकडे येतो. आम्हाला मूल नाही, त्यामुळे तो माझ्याकडे आला. निर्माते मार्शांदो सज्जन आहेत. माझ्या संमतीशिवाय ते चित्रपट पक्का करणार नाहीत. त्यांनी मला गेल्या आठवड्यात पॅरिसला बोलावून तो दाखवला.

बाकी सगळं उत्तम आहे. आपल्या गवताळ मैदानाच्या जागी आमची गव्हाची सपाटी आली आहे. धान्याची कोठारं तशीच आहेत, वारा तसाच आहे. पण एक गोष्ट मला खटकली. आपल्या पुस्तकात बायको शहरातून डॉक्टरांचं म्हणणं ऐकून परत येते, त्या दिवशी तिचा नवरा कार्ल दुकान बंद करतो, तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडतो. पुस्तकातलं हे सगळ्यात सुंदर पान आहे असं मला वाटतं. चित्रपटात ते नाही. चित्रपटातला नवरा भलतंच काहीतरी बोलतो आणि कामाला परत जातो.

हा आपल्या पुस्तकावर अन्याय आहे असं मला प्रामाणिकपणे वाटतं. ओदील आजारी होती, तिच्या लक्षात आलं नसेल. आपलं मत कळवलंत तर पुढे काय करायचं ते ठरवणं मला सोपं जाईल. मला गाडी पकडायची होती म्हणून मार्शांदोंशी नीट बोलता आलं नाही.

आपला नम्र,
रेमी ओबेर

ओर्वील, ९ फेब्रुवारी

आदरणीय श्रीमती हाउगेन,

आपलं उत्तर मिळालं. आपण लिहिता की पुस्तक आपलं, चित्रपट ओदीलचा, आणि तिने काय घ्यावं नि काय टाकावं यात आपण पडणार नाही. हा आपला मोठेपणा आहे. पण लेखिकेने एवढं सोसावं हे मला बरोबर वाटत नाही.

यावरून माझं गिलेनशी भांडण झालं. भांडण म्हणजे ती बोलली आणि मी ऐकलं. गिलेन तार्दियो ही ओदीलची संकलक. लग्नाआधीपासूनची तिची मैत्रीण, मूळची मार्सेयची, आवाज मोठा. मी फोनवर म्हणालो की नवरा भलतंच बोलतो ते दृश्य कापून टाकावं असं मला वाटतं. ती आधी खोकली. मग म्हणाली, "रेमी, तू गोळ्या मोज. कात्री माझ्याकडे राहू दे."

मी म्हणालो की मूळ पुस्तकाशी प्रामाणिक राहायला हवं.

"पुस्तकाशी? तू?" ती म्हणाली. "वीस वर्षं झाली, तुला मी एकदाही पुस्तक धरलेलं पाहिलं नाही. लग्नात तुला स्वयंपाकाचं पुस्तक दिलं होतं, तेही तू टेबलाच्या पायाखाली घातलंस."

ते खरं आहे. टेबल हलत होतं.

मी तिला काही उलट बोललो नाही. मला उलट बोलता येत नाही. फोन ठेवला आणि मार्शांदोंना रीतसर पत्र पाठवलं.

आपल्याला वाटेल की मी या चित्रपटाच्या विरोधात आहे. तसं नाही. चित्रीकरण आमच्याच दुकानात झालं. ऑगस्टात आम्ही दुकान बंद ठेवतो, तेव्हा मी किल्ल्या ओदीलकडे दिल्या आणि बहिणीकडे समुद्रावर गेलो. दिवे, तारा, माणसं, सगळं माझ्या कपाटांमध्ये घुसलं होतं. ते बघवलं नसतं. त्याआधी नवऱ्याचं काम करणारा नट आठवडाभर काउंटरमागे माझ्या शेजारी उभा राहिला होता. औषधवाला कसा उभा राहतो, पुडी कशी बांधतो, ते शिकायला. गावातल्या पेल्तिये बाईंनी त्याला नवा मदतनीस समजून खोकल्याचं औषध मागितलं. त्याने दिलं नाही, एवढं शहाणपण त्याच्याकडे होतं. जाताना तो मला म्हणाला, "मॉस्यू ओबेर, तुम्ही गिऱ्हाइकांशी बोलता तसं माझ्याशी कोणी बोलणार असेल तर मी रोज आजारी पडेन." मी त्याला माझा जुना पांढरा कोट दिला. चित्रपटात तोच आहे.

त्यामुळे गावातले लोक चित्रपट बघतील तेव्हा त्यांना माझं दुकान दिसेल, माझा कोट दिसेल, हे आपल्या ध्यानात येईल. पण मी विरोध करतोय तो त्यासाठी नव्हे, पुस्तकासाठी.

आपण मार्शांदोंना दोन ओळी लिहाल का? नाही लिहिल्यात तरी चालेल.

आपला,
रेमी ओबेर

ओर्वील, ३ मार्च

श्रीमती हाउगेन,

तुमचं पत्र दुकानातच फोडलं, आणि ते वाचून मी मदतनीस मुलीला काउंटरवर उभं करून मागच्या खोलीत जाऊन बसलो. तुम्ही दोन प्रश्न विचारले आहेत. उत्तरं द्यायला मला दहा दिवस लागले. पहिले काही दिवस मी वेगळी उत्तरं लिहीत होतो.

तुमचा पहिला प्रश्न असा, की तुम्ही कसलीही तक्रार केलेली नसताना मार्शांदोंनी तुमची माफी मागणारं पत्र का पाठवलं.

कारण मी त्यांना तसं लिहिलं. मी लिहिलं की लेखिका या बदलामुळे दुखावल्या आहेत, त्यांनी मला तसं कळवलं आहे, आणि ओदीलचा वारस या नात्याने मी ते दृश्य काढून टाकायला सांगतो. तुमचं "मी यात पडणार नाही" हे पत्र तेव्हा माझ्या खिशात होतं. मी तुमच्या नावाने खोटं बोललो. मार्शांदोंनी लेखिकेला दुखवायला नको म्हणून दृश्य काढलं. आता ते चित्रपटात नाही. गिलेनने मला एकच ओळ पाठवली, तीत माझं नावही नव्हतं.

गाडी पकडायची होती हेही खोटं होतं. पॅरिसहून आमच्याकडे दुपारभर गाड्या असतात.

तुमचा दुसरा प्रश्न मला समजलाच नाही, म्हणून तो परत वाचला. तुम्ही विचारता, मला त्या दृश्याचा कुठला भाग खटकला, पहिला, की ती खाली जाते तो?

मला माहीत नाही ती कुठे खाली जाते. मी पहिल्याच भागात हात वर केला आणि म्हणालो, आभारी आहे, एवढं पुरे. त्यांनी दिवे लावले. सगळे समजूतदारपणे गप्प बसले. त्यांना वाटलं, विधुर माणूस आहे, सहन झालं नसेल.

आता बाकीचंही लिहितो, नाहीतर तुम्ही मला वेडा समजाल.

दीड वर्षापूर्वी सप्टेंबरमध्ये ओदील शहरातून तपासण्यांचे निकाल घेऊन आली. आजार परत आला होता. आमचं घर दुकानाच्या वरती आहे. मी जेवणाच्या सुट्टीनंतर खाली उतरत होतो आणि ती जिन्यात भेटली. तिने मला जिन्यातच सांगितलं. मी म्हणालो, "सातला बंद करतो, मग बोलू." खिशातलं पेन काढलं, त्याचं बटण एकदा टक् वाजवलं, परत ठेवलं. खाली गेलो. दुपारभर लोकांना औषधं दिली. सातला बंद केलं. वर गेलो तर ती कोट अंगावर ठेवूनच खुर्चीत बसली होती. मी रस्सा गरम केला. आम्ही जेवलो. कुठल्या गोळ्या कधी घ्यायच्या त्याचं वेळापत्रक मी दुसऱ्या दिवशी करून दिलं, ते फार चांगलं केलं होतं. बोलणं राहून गेलं. ते पुढेही राहून गेलं.

चित्रपटात नट माझा कोट घालून जिन्यात उभा राहतो आणि म्हणतो, "सातला बंद करतो, मग बोलू." पेनसुद्धा वाजवतो.

हे गावाने बघू नये म्हणून मी तुमचं पुस्तक पुढे केलं. तुमच्या कार्लचं रडणं सुंदर आहे असं मी लिहिलं होतं, ते मात्र खोटं नव्हतं. मला ते खरंच सुंदर वाटतं.

माफी मागायची कशी ते मला ठाऊक नाही. ती खाली जाते म्हणजे काय, ते मी गिलेनला विचारणार आहे. तुम्ही सांगू नका.

रेमी ओबेर

ओर्वील, १८ मार्च

श्रीमती हाउगेन,

रविवारी गिलेनकडे गेलो. तिच्या संकलनाच्या खोलीत. घंटा वाजवली तर तिने दारातच विचारलं, "काय कापायला आलास?" मी तिच्यासाठी घशाच्या गोळ्या नेल्या होत्या, फोनवरचा तिचा खोकला मला आवडला नव्हता. तिने पुडी घेतली, उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाली, "यासाठी तू गाडीने आलास? टपाल बंद पडलंय?"

मी म्हणालो की मला ते दृश्य पूर्ण बघायचंय.

तिने मला बराच वेळ उभं ठेवलं. तिचं बरोबर होतं. मग एक स्टूल पायाने माझ्याकडे ढकललं.

पहिला भाग मी पाहिला. या वेळी हात वर केला नाही. नट बोलतो, पेन वाजवतो, जिना उतरतो. बायको वर खुर्चीत बसते, कोट घालूनच. खालून त्याचा आवाज ऐकू येतो. कोणा म्हाताऱ्याला तो डोळ्यांचे थेंब कसे घालायचे ते समजावतोय. म्हाताऱ्याला कळत नाही. तो पुन्हा सांगतो, न चिडता, आणि विचारतो की घरी थेंब घालायला कोणी आहे का, नसेल तर इथे येत जा, मी घालेन. ती ऐकते. हे तुम्हाला माहीतच आहे, पण मला लिहू द्या.

मग ती उठते. आतल्या जिन्याने दुकानात जाता येतं, तरी ती मागच्या दाराने बाहेर पडते, अंगण ओलांडते, गल्लीतून वळसा घालून रस्त्यावर येते आणि गिऱ्हाईक येतं तशी पुढच्या दाराने आत येते. दाराची घंटा वाजते. आमच्याकडे काउंटरपासून जरा अंतरावर जमिनीवर पिवळी रेघ असते. पुढच्या माणसाचं दुखणं मागच्याला ऐकू जाऊ नये म्हणून मागच्याने तिच्या अलीकडे थांबायचं. ती त्या रेघेच्या अलीकडे थांबते. म्हातारा जातो. तिचा नंबर येतो.

तो वर न बघता म्हणतो, "बोला, मादाम." मग बघतो.

ती म्हणते, "शहरातून आलेय. डॉक्टर म्हणाले, परत आलंय."

 तो, मी गिऱ्हाइकांना विचारतो तसंच, विचारतो. "कधी कळलं?"

"आज सकाळी."

"काही खाल्लंत का?"

"नाही."

"घरी सोबतीला कोण आहे?"

"नवरा आहे," ती म्हणते. "खाली दुकानात असतो."

तो पेन काउंटरवर ठेवतो. तिच्या मागे रेघेशी उभी असलेली बाई काहीच ऐकू आलं नाही अशा चेहऱ्याने आणखी मागे सरकते. दृश्य तिथेच संपतं.

गिलेनने यंत्र थांबवलं. मी विचारलं, हे ओदीलने कुठून आणलं. कारण हे घडलं नव्हतं.

"मीही तिला विचारलं होतं," गिलेन म्हणाली. "म्हणाली, नाही घडलं. मी वर बसून राहिले. खाली जायला हवं होतं. त्याला समोर काउंटर लागतो, हे मला माहीत होतं, आणि तरी मी हट्टाने वर बसून राहिले."

 गिलेनने खिडकी उघडली आणि एक गोळी तोंडात टाकली. थोड्या वेळाने म्हणाली, "घाण चव आहे रे यांना."

मी म्हणालो, चघळू नकोस, विरघळू दे.

श्रीमती हाउगेन, मला वाटलं होतं की ओदीलने माझा अपराध गावासमोर मांडलाय. तिने स्वतःचा मांडला होता. आणि मी तो कापून टाकायला लावला. तिला माझ्याशी जे बोलायचं होतं ते तिने तेवढ्याच जागी ठेवलं होतं, आणि मी निम्म्यात दिवे लावायला सांगितले.

दुसऱ्या दिवशी मार्शांदोंकडे गेलो. गिलेन बरोबर आली. म्हणाली, तू एकटा गेलास तर हवापाण्यावर बोलून परत येशील. मी त्यांना सगळं सांगितलं. लेखिकेची तक्रार मी रचली होती हेही. ते सज्जन माणूस आहेत हे मी तुम्हाला लिहिलं होतं. त्यांनी आवाज चढवला नाही. ते म्हणाले, "मॉस्यू ओबेर, तुम्ही नको म्हणाला असतात तरी मी थांबलो असतो. तुम्हाला कोणाचं नाव घ्यायची गरज नव्हती." मला त्यांनी आवाज चढवलेला चालला असता.

आता अडचण अशी. चित्रपटाचं ध्वनीचं काम त्या दृश्याशिवाय पूर्ण झालं आहे. तो एका महोत्सवाकडे जायचा आहे. ते पुन्हा उघडायला मार्शांदो तयार आहेत, पण माझ्या शब्दावर नाही. माझ्या शब्दावर एकदा विसंबून त्यांनी पाहिलं. तुमच्याकडून लेखी हवं की तुम्ही कधीच तक्रार केली नव्हती आणि दृश्याला तुमची हरकत नाही. ते मार्चअखेरीपर्यंत आलं नाही तर चित्रपट आहे तसा जाईल.

तुमच्याकडे हे मागायचा मला हक्क नाही. मागितलं नाही तर ओदीलचं ते दृश्य जाईल, म्हणून मागतो. लिहिताना मला सांभाळून घेऊ नका. ओबेर खोटं बोलले, असंच लिहा. मार्शांदोंना ते कळलेलंच आहे, पण कागदावर असावं.

रेमी ओबेर

ओर्वील, २७ मे

श्रीमती हाउगेन,

तुमचं पत्र मार्शांदोंकडे वेळेत पोचलं. त्यांनी ते मला दाखवलं. मी सांगितलं होतं तसं तुम्ही लिहिलं नाहीत. तुम्ही लिहिलंत की हे दृश्य ओदीलने आधीच तुम्हाला लिहून पाठवलं होतं, आणि ते वाचून वाटलं, आपल्याला हे सुचायला हवं होतं. माझ्याबद्दल एक शब्द नाही. दृश्य परत आलं. गिलेनने ते ईस्टरमध्ये बसवलं. मला म्हणाली, आता दाराबाहेर थांब, पुन्हा मन बदललं तर मी तुला खिडकीतून टाकीन.

शनिवारी आमच्या गावात पहिला खेळ झाला. पॅरिसच्या आधी इथे दाखवायचा असा ओदीलचा शब्द होता, कारण अर्धं गाव त्यात दिसतं. पेल्तिये बाईंचा हात दिसतो, ब्रियार खाटकाची व्हॅन दिसते, ती तर तीनदा, आणि प्रत्येक वेळी मागून टाळ्या पडल्या. गिलेन माझ्या शेजारी बसली होती. जिन्याच्या दृश्यात मला वाटलं की सगळं थिएटर माझ्याकडे वळणार. कोणी वळलं नाही. सगळे पडद्याकडे बघत होते.

रांगेच्या दृश्यात कोणी खोकलंसुद्धा नाही.

नंतर नगर सभागृहात सगळ्यांना सफरचंदाची वारुणी आणि केक होता. महापौर बोलले. लोकांनी माझे हात हातात घेतले. ओदीलचं कौतुक केलं, आणि ते मनापासून होतं. मग आम्ही चार-पाच जण टेबलापाशी उभे असताना पेल्तिये बाई म्हणाल्या की चित्रपट फार सुंदर, पण तो नवरा मात्र त्यांना जन्मात आवडणार नाही.

"सातला बंद करतो म्हणे, मग बोलू," त्या म्हणाल्या. "बायको काय बातमी घेऊन आलीय, आणि हा घड्याळ सांगतोय. अमेरिकेतली माणसं अशीच असतात का हो?"

"पुस्तक तिकडचंच ना," ब्रियार म्हणाला. "तिकडे सगळं वेळेवर चालतं. मरणसुद्धा."

लोक हसले. पेल्तिये बाईंनी माझ्या दंडावर हात ठेवला. म्हणाल्या, "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. तुमचा कोट तेवढा घेतलाय त्यांनी. कुठे तुम्ही, कुठे तो. माझे यजमान गेले तेव्हा तुम्ही रोज दुकान बंद करून माझ्याकडे चक्कर टाकत होता, मी विसरले नाहीये."

श्रीमती हाउगेन, मला फक्त गप्प बसायचं होतं. मला ते चांगलं जमतं. सगळं गाव आपणहून तुमच्या पुस्तकावर ठपका ठेवत होतं, आणि मी ग्लास हातात धरून उभा होतो. त्यांच्यातल्या एकानेही तुमचं पुस्तक वाचलेलं नाही. पुढेही वाचणार नाहीत. तुम्हाला कधी कळलंही नसतं.

मी म्हणालो, "पुस्तकातला नवरा रडतो, बाई. दुकान बंद करतो, तिच्या मांडीवर डोकं ठेवतो आणि रडतो. पुस्तकात घड्याळ नाही."

"मग हा कुठून आला?" ब्रियारने विचारलं.

"माझ्याकडून घेतलाय."

"कोट ना?"

"कोट नाही. ते वाक्य."

गिलेन समोर केक कापत होती. तिची सुरी थांबली. ब्रियार आपल्या ग्लासात बघू लागला. महापौर कोणाशी तरी बोलायला निघून गेले. पेल्तिये बाईंचा हात माझ्या दंडावर तसाच होता; त्यांनी तो काढला नाही, पण त्या हाताला आता तिथे असण्याचं कारण उरलं नव्हतं, हे मला जाणवलं.

त्यांनी विचारलं, "ती रांगेत आली होती? खरोखर?"

"नाही. वर बसून राहिली."

"एकटी?"

"हो."

त्यांनी मान हलवली. मग हात काढून घेतला आणि कोटाची बटणं लावली.

या आठवड्यात लोक दुकानात येतात, औषध घेतात, आभार मानतात, जातात. पूर्वी काउंटरपाशी रेंगाळायचे. गुडघा, जावई, मांजर, सगळं सांगायचे. आता सांगत नाहीत. वाईट वागत नाही कोणी. ओदीलबद्दल त्यांना वाटतं ते बरोबर आहे, आणि माझ्याशी कसं बोलायचं हे त्यांना अजून ठरवता आलेलं नाही. माझ्यासाठी ते नुकसान मोठं आहे, कारण मला बोलता येत असे ती एवढीच जागा होती. पण तुमच्या कार्लवर आता कोणी काही ढकलत नाही. पेल्तिये बाईंनी पुस्तकाचं नाव लिहून मागितलं, गिलेनकडून, माझ्याकडून नाही.

तुम्ही मला वेगळं पाठवलेल्या पत्राच्या शेवटी विचारलं आहे की ओदील त्या दिवशी खरोखर रांगेत येऊन उभी राहिली असती तर मी काय केलं असतं. मी काउंटरच्या बाहेर आलो असतो असं तुम्हाला लिहायला मला आवडलं असतं. चार दिवस मी त्यावर विचार करतोय. माझी खात्री आहे ती एवढ्याचीच, की मी तिला "बोला, मादाम" म्हणालो असतो आणि तिने काय हवंय ते सांगितलं असतं. त्यापुढचं मला दिसत नाही. त्यापुढचं फक्त तिला दिसत होतं.

तुमचा,
रेमी ओबेर